दोन चौकटींमधला बाण

१

हेगमध्ये न्यायालयांना तोटा नाही. समुद्रावरून येणारा वारा ज्या इमारतीवर आपटतो, ती बहुधा कुठल्यातरी न्यायालयाचीच निघते. त्यांतलंच एक हे न्यायमंडळ. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून माझ्याशी बोलतात आणि दुपारच्या पाव-चीजबरोबर पेलाभर ताकही पाजतात. ते कशाला घालवा?

हिल्के दालस्त्रा तिथे बिझनेस अ‍ॅनालिस्ट होती. हुद्दा भारदस्त, पण काम एका ओळीत सांगता येईल: लोकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचं आणि "आणि मग?" असं विचारत राहायचं. पुरावा दारात आला, आणि मग? नोंद झाली, आणि मग? समोरचा माणूस वैतागून "मग काय, मग सायकल काढतो आणि घरी जातो" म्हणेपर्यंत ती हलत नसे. ऐकलेलं सगळं ती भिंतभर नकाशात मांडायची. प्रत्येक कामाला एक चौकट, चौकटीत करणाऱ्याचं नाव, आणि एका चौकटीतून दुसरीत जाणारा बाण.

त्या नकाशाचा तिला अभिमान होता आणि तो फुकाचा नव्हता. ती आली तेव्हा अर्ध्या जगाच्या लढायांचे पुरावे चीजच्या रिकाम्या खोक्यांत पडलेले असत. कुणाचा फोन, कुणाची जळकी हार्डडिस्क, आणि त्यावर चिकटपट्टीने लावलेली चिठोरी. आता प्रत्येक वस्तूला जागा होती, प्रत होती, प्रतीची प्रत होती, आणि ठसा होता. ठसा म्हणजे संगणकाने त्या प्रतीचा काढलेला लांबलचक आकडा. आतली एक टिकली जरी हलली तरी आकडा साफ बदलतो. हिल्केच्या कारकिर्दीत एकही आकडा बदलला नव्हता.

"माझ्या हाताखालून गेलेली एक गोष्ट हरवलेली नाही," ती स्नेक या आपल्या माहेरच्या गावी बहिणीकडे गेली की सांगायची.

"साधं बोल गं," बहीण म्हणायची. "राणीच्या मुकुटातले हिरे राखत असल्यासारखी बोलतेस."

"हिऱ्यांचं काय, ते पुन्हा सापडतात," हिल्के म्हणायची.

२

गुरुवारी सकाळी लॉर्कन टियर्नी तिच्या दारात उभा राहिला. हा फिर्यादी पक्षाचा आयरिश वकील. टाय कायम खिशात.

"नकाशेवाली, काम आहे. सेव्दाबाईंचा फोन."

त्या फोनची गोष्ट इमारतीत सगळ्यांना ठाऊक होती. सेव्दाबाई एका डोंगरी मुलखातल्या. गावातल्या पुरुषांना रांगेत उभं करून गोळ्या घातल्या तेव्हा त्यांचा मुलगा पिठाच्या गिरणीत लपून चित्रण करत होता. हुकूम देणाऱ्या सेनाधिकाऱ्याचा आवाज त्यात स्वच्छ होता. मुलगा वाचला नाही. फोन वाचला. बाईंनी तो रजईत शिवला, दोन सरहद्दी ओलांडल्या आणि इथे येऊन स्वतःच्या हाताने दिला. आता तो अधिकारी काचेआड बसून म्हणत होता की आवाज नंतर घातलाय.

"त्याचा वकील मूर्ख नाही," लॉर्कन म्हणाला. "म्हणतो, प्रत निघाल्यावर तुमचा ठसा आहे, कबूल. पण दारातून आत आल्यापासून पहिली प्रत निघेपर्यंत? तेव्हा ठसा नव्हता. नुसती मोहोर लावलेली पिशवी. मोहोर फोडून पुन्हा लावता येते. तेवढ्या वेळात फोन कुणाकुणाच्या हातात होता, ती माणसं सोमवारी समोर उभी करा. एक हात जरी बिननावाचा राहिला तरी फोन बाद. आणि फोन बाद झाला तर तो माणूस मंगळवारी घरी."

"बिननावाचा हात माझ्याकडे नसतो," हिल्के म्हणाली आणि भिंतीकडे वळली. "ही बघ चौकट. पुरावा स्वीकारला: गेर्लोफ. ही बघ दुसरी. प्रत काढली: ऊमू. दोघंही साक्षीला येतील. झालं."

लॉर्कनने दोन चौकटींच्या मध्ये बोट ठेवलं. "आणि हे?"

"तो बाण आहे."

"दिसतंय. पण बाण नेतं कोण?"

हिल्केने बाणावर नाव शोधलं. ते नव्हतं. इतकी वर्षं "आणि मग?" विचारणाऱ्या बाईला पहिल्यांदाच कुणीतरी तिचाच प्रश्न विचारला होता.

३

गेर्लोफ तळमजल्यावर बसायचा. शेव्हेनिंगेनच्या कोळ्यांच्या घराण्यातला, निवृत्तीला आलेला, हात फावड्यासारखे. त्याने तिला सगळं पुन्हा करून दाखवलं. पिशवी, मोहोर, नोंद, सही. प्रत्येक हालचाल चोख. मग तो उठला आणि मागच्या दाराकडे हात करून म्हणाला, "आणि मग देतो."

"कुणाला?"

"न्यायला येतो त्याला."

"त्याचं नाव काय?"

"ते ऊमूला विचार. तिचा माणूस आहे."

हिल्के वर गेली. ऊमू सार मूळची डकार शहरातली. प्रयोगशाळेत तिच्या परवानगीशिवाय माशीही बसत नसे, असा लौकिक. हातमोजे न काढता तिने खुर्ची पायाने सरकवली.

"तुझा माणूस कोण, खालून पिशव्या आणणारा?"

"माझा? माझ्याकडे कुठला माणूस? मी चार वर्षं एक मदतनीस मागतेय. तो गेर्लोफचा. म्हाताऱ्याने खाली लपवून ठेवलाय."

"दिसायला कसा आहे?"

ऊमू हसली. "चांगला आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे वेळेवर येतो. पिशवी सरळ धरतो. कधी काही सांडत नाही." ती बोलता बोलता थांबली. "उंच असावा. नाही, उंच नाही. हिल्के, हातात पुरावा आला की मी मोहोर बघते. माणसाचं तोंड बघायला सवड कुणाला आहे?"

हिल्के खाली आली आणि हाच प्रश्न गेर्लोफला विचारला.

"सवयीचा माणूस आहे गं," तो म्हणाला. "सवयीच्या माणसाला कोण बघतं? तुझ्या नवऱ्याच्या डोळ्यांचा रंग सांग बघू."

"निळा."

"बरं मग, तुझा संसार सुखाचा आहे. माझ्या डोक्याला नको त्रास देऊस."

४

हिल्केच्या डोक्यात तर्काचं दुकान कायम उघडं असे. कंत्राटी माणूस असेल. तिने कामगार-विभागात विचारलं. असा कुणी नव्हता, आजचा नाही, मागचाही नाही. रखवालदारांपैकी असेल. ते म्हणाले, आम्ही पुराव्याला हात लावत नाही, तूच तसा नियम लिहिलायस. कॅमेऱ्यात दिसेल. इथे मात्र ती अडकली. गेर्लोफच्या मागच्या दारापासून ऊमूच्या पुढच्या दारापर्यंत एक बोळवजा चढता मार्ग होता, आणि त्यात कॅमेरा नव्हता. खालच्या विभागाच्या मते तो वरच्यांचा. वरच्यांच्या मते खालच्यांचा. इमारतीच्या आराखड्यातही त्याला खोलीचा क्रमांक नव्हता. दोन दारं होती आणि मध्ये पांढरी जागा.

म्हणजे ही गफलत तिच्या नकाशातच होती असंही नाही. ती भिंतींतच होती. नकाशाने तिची फक्त इमानेइतबारे नक्कल केली होती.

आणि खरी टोचणी वेगळीच होती. त्या मार्गाने इतक्या वर्षांत एवढे पुरावे गेले, एकाचीही मोहोर दुखावलेली नव्हती. जो कोण होता तो काम असं करत होता की हिल्केने स्वतः केलं असतं तरी त्याहून नेटकं झालं नसतं. तिला भीती वाटायला हवी होती. वाटला तो मत्सर, आणि त्याखाली थोडासा अभिमान. आपल्या खात्यात इतका चांगला माणूस आहे आणि आपल्याला पत्ता नाही.

५

शुक्रवारी गेर्लोफचा वाढदिवस होता. तिथल्या रिवाजाप्रमाणे केक त्यानेच आणला. खुर्च्या गोलात मांडल्या. आलेला प्रत्येक जण गोलातल्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करून अभिनंदन करत होता. वाढदिवस एकाचा, अभिनंदन सगळ्यांचं. ज्याला हे विचित्र वाटतं त्याने डच माणसांत नोकरी करू नये.

हिल्के उशिरा आली. तिने गोल पुरा केला. ऊमूचा हात, हिशेबनिसाचा, दोघा रखवालदारांचा, गेर्लोफचा, आणि ऊमूचा.

"दोनदा?" ऊमू म्हणाली. "मी एवढी आवडते तुला?"

"गोल फिरताना चुकले वाटतं." हिल्के खाली बसली. केक बरा होता, लोणी जास्त. गेर्लोफ मावशीच्या लग्नातली कुठलीतरी गोष्ट सांगत होता, लोक हसत होते. हिल्केही हसत होती. मग तिने आपल्या उजव्या तळव्याकडे पाहिलं.

ऊमूचा हात कोमट होता, मोज्यांच्या पावडरीचा. गेर्लोफचा खरबरीत. हिशेबनिसाचा घामट. आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी एक हात होता, गार आणि कोरडा, शीतगृहातून बाहेर काढलेल्या पिशवीसारखा. तो कुणाचा ते तिला आठवेना. अभिनंदन म्हटल्याचं आठवत होतं. तिकडूनही शांतपणे अभिनंदन आलं होतं.

ती मान वर करून गोल पाहू लागली. सगळ्या खुर्च्यांवर ओळखीची माणसं होती. आणि तरीही, प्रत्येक वेळी शेवटच्या माणसापर्यंत पोचलं की तिला पुन्हा पहिल्यापासून बघावंसं वाटत होतं.

"हिल्के, तू पांढरी पडलीस," गेर्लोफ म्हणाला. "आमच्या केकने आजवर कुणी मेलं नाही."

६

जेवणानंतर तिने गेर्लोफला सांगितलं, आज जे काही येईल ते नेहमीसारखं दे, माझ्याकडे लक्ष देऊ नकोस. आपण कुठे उभं राहणार ते मात्र सांगितलं नाही. आणि ती त्या बोळात जाऊन उभी राहिली.

वर एक अरुंद खिडकी होती, त्यातून राखी आभाळ. भिंतीआड शीतयंत्रांची घरघर. बाकी काही नाही. हिल्केने स्वतःला बजावलं की ही दुपारची वेळ आहे, दोन्ही बाजूंना माणसं आहेत, आणि तू पगार घेऊन इथे उभी आहेस.

मग वरच्या दाराकडून पावलं आली. रबरी तळव्यांची, घाई नसलेली. ती जवळ आली, हिल्केच्या समोरून गेली, पुढे गेली. बोळ रिकामा होता. फक्त शीतपेटीचं दार क्षणभर उघडावं तसा गारवा तिच्या गालाला लागला, आणि नव्या प्लास्टिकचा वास आला.

खालचं दार उघडलं. गेर्लोफ दिसला, पण त्याचं तोंड मागे होतं. तो आत कुणालातरी ओल्या हेरिंग मासळीचा भाव सांगत होता. बोलता बोलता त्याने पिशवी पुढे केली आणि सोडली.

ती पडली नाही.

दार लागलं. पिशवी छातीच्या उंचीवर, चालत्या माणसाच्या गतीने, हिल्केकडे येऊ लागली. दोरी असेल. वारा असेल. वरती एखादी पट्टी बसवली असेल. तर्काचं दुकान एकेक फळी लावत बंद होत गेलं. पिशवी तिच्यासमोर थांबली, आणि सावकाश अशी फिरली की मोहोर तिच्याकडे आली.

हा नियम हिल्केनेच केला होता. घेणाऱ्याला मोहोर समोर दिसली पाहिजे. पाळायला मात्र सगळे विसरायचे.

तेव्हा तिला अंगठा दिसला. मोहोरेच्या कोपऱ्यावर हलकेच टेकलेला, नख बारीक कापलेलं. अंगठ्यामागे मनगट, मनगटावर बाहीची कड. त्याच्या वर तिने पाहिलं नाही. मान वर करायला एक अक्षर उच्चारण्याइतकासुद्धा वेळ लागला नसता. तरी नाही पाहिलं.

आणि मग तिने ते केलं जे त्या इमारतीतलाच माणूस करील. तुम्ही-आम्ही ओरडत पळालो असतो. पण मोहोरबंद पुरावा कुणी समोर धरला तर तो अधांतरी ठेवायचा नसतो, हे तिच्या हाडीमासी भिनलेलं होतं. तिने हात पुढे केले आणि पिशवी घेतली.

अंगठा निघाला. अगदी जवळ कुणीतरी लांब श्वास सोडला, पाळी संपल्यावर खांद्यावरचं ओझं उतरवताना सोडतात तसा. त्यानंतर पावलं वाजली नाहीत.

वरचं दार उघडलं. ऊमू संगणकाच्या पडद्याकडे बघत होती. मोजे घातलेले हात बाहेर आले, पिशवी हिल्केच्या हातातून घेऊन गेले. "ठीक," ऊमू म्हणाली, आणि दार हिल्केच्या नाकासमोर बंद झालं.

७

सोमवारी लॉर्कन टाय बांधून आला. म्हणजे प्रसंग किती बाका असेल ते समजा.

"हुशार आहेस," तो म्हणाला. "आधीच सांगायचंस ना. गेर्लोफ आणि ऊमू दोघांनी जबाब दिलेत. पिशवी न्यायचीस ती तूच."

"असं कोण म्हणालं?"

"दोघंही. वेगवेगळ्या खोल्यांत."

तिने न्यायालयाबाहेरच्या बाकावर बसलेल्या गेर्लोफला गाठलं. "सेव्दाबाईंचा फोन तू कुणाकडे दिलास?"

"तुझ्याकडे." तो तिच्याकडे न बघता कोटाचं बटण लावत होता.

"मी त्या दिवशी रजेवर होते. स्नेकला. आईच्या घराच्या खिडक्या रंगवत होते."

"असशील," गेर्लोफ समजुतीने म्हणाला. "पण दिला तुझ्याकडेच."

तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिलाही आठवत होतं. खिडकीचा हिरवा रंग आठवत होता, कोपरापर्यंत रंगलेली बहीण, तिचं हसणं. आणि त्याच दिवशीचा, तितकाच स्पष्ट, प्लास्टिकमधून हाताला लागणारा फोनचा तुटका कोपरा. दोन्ही तिचंच होतं. पण आठवणीतला हिरवा रंग शनिवारी होता त्याहून आज फिका झाला होता.

न्यायालयात तिचा पुकारा झाला. तिने शपथ घेतली. प्रेक्षकांच्या काचेआड सेव्दाबाई बसल्या होत्या, कानांवर भाषांतराचे हेडफोन, मांडीवर रिकामे हात.

"स्वीकारकक्षापासून प्रयोगशाळेपर्यंत," न्यायमूर्तींनी विचारलं, "ही वस्तू कुणी नेली, हे आपण सांगू शकाल का?"

मला माहीत नाही, हे उत्तर अजून तोंडात होतं. ते खोटं नव्हतं. ते दिलं की फोन जाणार, तो अधिकारी घरी जाणार, आणि हिल्के संध्याकाळी वाऱ्यात सायकल हाकत आपल्या घरी, निळ्या डोळ्यांच्या नवऱ्याकडे. दुसरं उत्तर दिलं की काय होईल ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तो सोडलेला श्वास तिने ऐकला होता. तो माणूस किती वर्षं थांबला होता कोण जाणे, कुणीतरी नीट हात पुढे करावेत म्हणून.

तिने सेव्दाबाईंकडे पाहिलं. मग पाठ ताठ केली.

"मी नेली," हिल्के दालस्त्रा म्हणाली. "दारापासून दारापर्यंत. मोहोर शाबूत होती."

हिरवा रंग विझला. बहिणीच्या हसण्याचा आवाज मध्येच तुटावा तसा थांबला.

बचावाचा वकील उलटतपासणीला उठला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या जरा डावीकडे, मग कागदांत. साक्षीदार कुठे उभा आहे हेच विसरल्यासारखा तो थोडा वेळ घुटमळला, आणि प्रश्न नाहीत म्हणून खाली बसला. न्यायमूर्ती एकमेकांकडे झुकले. साखळी अखंड आहे. फोन पुराव्यात दाखल.

चित्रण लावलं. आधी नुसता एका पोराचा धापा टाकणारा श्वास, पिठाच्या धुळीत कोंडलेला. मग बाहेरून तो आवाज, एकेकाचं नाव घेऊन, हुकूम देणारा. काचेआडच्या अधिकाऱ्याने मान खाली घातली. सेव्दाबाईंनी हेडफोन काढून ठेवले. त्यांना भाषांतराची गरज नव्हती. श्वास चालू होता तोवर त्यांचे ओठ त्याच्या तालावर हलत राहिले.

साक्षीच्या जागेवर उभ्या हिल्केला रडू आलं नाही. आपण ज्यासाठी इतकी वर्षं खुर्च्या ओढत हिंडलो ते हे, एवढंच तिला वाटलं, आणि छाती भरून आली.

कामकाज उठलं. लॉर्कन टाय सैल करत वळला, कुणाचं तरी अभिनंदन करायचं होतं. कुणाचं ते त्याला पटकन सुचेना, म्हणून त्याने गेर्लोफचाच हात दाबला. न्यायालयाच्या लेखनिकाने फोनची पिशवी उचलली. ती आता परत कोठारात जायची होती. तो शेजारणीशी जेवणाबद्दल बोलत होता. बोलता बोलता, न बघता, त्याने पिशवी बाजूला धरली आणि सोडली.

हिल्केने ती घेतली. मोहोर तपासली, पुढे फिरवली आणि चालू लागली. दाराशी पहारेकरी आपल्या सोबत्याला वाऱ्याविषयी काहीतरी सांगत होता. त्याने दार उघडून धरलं, कुणीतरी जात असताना धरतात तितकाच वेळ, आणि मग लावून घेतलं.